रद्द कोण होतं?

२०२४ च्या मे महिन्याचा शेवट. मध्य रेल्वेनं जाहीर केलं, ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक, सीएसएमटीला ३६ तासांचा. ठाण्यात पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायचा होता. सीएसएमटीला दहा-अकरा नंबरचे फलाट लांब करायचे होते, म्हणजे चोवीस डब्यांच्या मेल-एक्स्प्रेस तिथं उभ्या राहतील. तीन दिवसांत ९३० लोकल रद्द. शुक्रवारी १६१, शनिवारी ५३४, रविवारी २३५. ज्या धावल्या त्यांतल्या शेकडो अर्ध्यावरच थांबवल्या. कुणी दादरला, कुणी परळला, कुणी भायखळ्याला, हार्बरची वडाळ्याला. आणि वर रेल्वेचं आवाहन : गरज नसेल तर प्रवास टाळा. कचेऱ्यांनी आपल्या माणसांना घरून काम करू द्यावं.

घरून काम! दोस्तांनो, हा शब्द जरा तोंडात घोळवून बघा. फोर्टातला रस्ता घाटकोपरच्या खोलीत बसून झाडता येतो का? जे.जे.च्या वॉर्डातलं बेडपॅन मुलुंडच्या चाळीतून उचलता येतं का? अंधेरीच्या टॉवरखाली खुर्ची टाकून रात्रपाळी करणारा वॉचमन गेट घरी घेऊन जाईल का? बोरिवलीच्या नाक्यावर थापी-घमेलं घेऊन उभा राहणारा गवंडी आपला नाका गोणीत भरून आणील का? पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं काय करायचं, त्या पाच घरांनी आपली खरकटी भांडी तिच्या झोपडीत आणून द्यायची?

आवाहन करणाऱ्याच्या डोक्यात प्रवासी म्हणून जो माणूस बसलाय त्याच्याकडे लॅपटॉप आहे, महिन्याचा पगार आहे, भरपगारी रजा आहे, रविवारची सुट्टी आहे. त्याची गाडी चुकली तर त्याला त्रास होतो. आमचं त्याच्याशी भांडण नाही, तोही लटकतोच. पण ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याची गाडी चुकली तर त्याचा दिवसच कापला जातो. सफाईच्या चौकीवर मुकादम मस्टर उघडून बसलेला असतो. वेळ गेली की खाडा. कंत्राटी असला तर ठेकेदार त्याच्या जागी दुसरा उभा करतो आणि उद्या ये म्हणतो. नाक्यावर आठ-साडेआठनंतर मुकादम फिरकत नाही. बाईनं दोन दिवस खाडा केला की शेठाणी तिसऱ्या दिवशी दुसरी बाई बघते. आणि स्टेशनात भोंगा ओरडत असतो, असुविधेबद्दल खेद आहे म्हणून. खेदाचे पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात?

आम्ही म्हणतो, गाडी सगळ्यांसाठी रद्द होते हे धादांत खोटं आहे. टाइमटेबलच्या कागदावर ती सगळ्यांसाठी रद्द होते. पण तिचं बिल फाडलं जातं ते ज्यांचं काम अंगानं हजर राहिल्याशिवाय होतच नाही त्यांच्या नावानं. आणि या शहरात अंगानं हजर राहायची कामं कुणाच्या वाट्याला आलीत? झाडू, गटार, कचऱ्याची गाडी, प्रेतं उचलणं, इस्पितळातली घाण, दुसऱ्याच्या घरचा संडास. हे वाटप काही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजनं केलेलं नाही. मनूनं केलं, आणि महापालिकेपासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांनी ते जसंच्या तसं चालवून घेतलं. म्हणून लोकल रद्द होण्याचा प्रश्न हा आमच्या चळवळीचा प्रश्न आहे. ज्यांना तो फक्त प्रवासी संघटनांच्या निवेदनांचा विषय वाटतो, त्यांनी पहाटेच्या लोकलच्या सेकंड क्लासमध्ये एकदा चढून बघावं, तिथं कोण झोपेत डुलतंय ते.

आता रविवारचा मेगाब्लॉक घ्या. माटुंगा ते मुलुंड, सकाळी अकरा ते दुपारी चार, हे तर लोकांना तोंडपाठ झालंय. पश्चिमेला त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. रविवारच का? तर सुट्टी असते म्हणून. कुणाला असते? इस्पितळ रविवारी बंद असतं? हॉटेलं, मॉल, लग्नाचे हॉल तर रविवारीच भरतात. तिथं वाढणारे, पुसणारे, दारात उभे राहून सलाम ठोकणारे कशानं येतात? त्यांच्या मालकाच्या गाडीतून? रविवारी सुट्टी असलेला माणूस हाच खरा माणूस, बाकीचे हिशेबातच नाहीत, या समजुतीवर वर्षानुवर्षं हे वेळापत्रक चाललंय. रुळांची दुरुस्ती व्हायलाच पाहिजे, तिच्याशिवाय गाडी घसरेल, हे आम्हालाही कळतं. पण दुरुस्तीचा दिवस ठरवताना रविवारी राबणाऱ्यांना कधी कुणी विचारलं?

काहीजण म्हणतील, हे आकांडतांडव आहे. त्यांना आम्ही करोनाची आठवण करून देतो. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. त्या यादीत महापालिकेचा सफाई कामगार होता, कारण कचरा साठला तर साहेबाच्या नाकाला वास येतो. मास्क-हातमोजे मिळोत ना मिळोत, तो रोज गाडीत होता. पण धुणीभांडी करणारी बाई यादीत नव्हती. नाका कामगार नव्हता. फेरीवाला नव्हता. बायकांना २१ ऑक्टोबर २०२० पासून ठराविक वेळात परवानगी मिळाली, बाकीच्यांना १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही वेळेच्या कुंपणात. एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद. मग १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना पास. या सबंध काळात ज्याचं काम शहराला हवं होतं त्याला गाडीत कोंबलं, आणि ज्याला काम हवं होतं त्याला फलाटावर दंड केला. तेव्हा रोग होता, निर्बंध हवेच होते. पण भाकरीचा हिशेब त्या यादीत कुठंच नव्हता. ब्लॉकच्या वेळी तीच यादी वेगळ्या शाईत पुन्हा लिहिली जाते, एवढंच.

आपल्यातले काही पुस्तकी दोस्त या ठिकाणी मार्क्स काढतात. काढू द्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्क्सनं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लिहिलं की रेल्वेतून उभा राहणारा उद्योगधंदा हिंदुस्थानातली पिढीजात कामाची वाटणी मोडून टाकील, आणि जात तर त्याच वाटणीवर उभी आहे. माणूस मोठा, पण त्यानं हा देश बघितला नव्हता. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरला. आगगाडीनं त्याला आणून सोडलं. स्टेशनाबाहेर एकही बैलगाडीवाला महाराच्या पोरांना गाडीत बसवायला तयार होईना. दुप्पट भाडं देतो म्हटल्यावर एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. रेल्वे स्टेशनापर्यंतच पोचली होती.

आणि रेल्वेनं तरी पिढीजात वाटणी मोडली का? रुळांवर पडणारी घाण वर्षानुवर्षं कुणी उचलली? सर्वोच्च न्यायालयाला २७ मार्च २०१४ च्या निकालात रेल्वेला बजावावं लागलं की रुळांवरची हातानं मैला साफ करण्याची पद्धत ठराविक मुदतीत संपवा. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ६६ वर्षांनी! रेल्वेनं जातीला रुळावर कामाला ठेवलं आणि सेकंड क्लासच्या पासावर घरी पाठवलं.

आता गर्दीकडे या. नऊ डब्यांच्या लोकलमध्ये बसून-उभं राहून साधारण १,७०० माणसांची सोय. गर्दीच्या वेळी तिच्यात ४,७०० पर्यंत माणसं भरलेली असतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसं उभी. याला रेल्वेच्या साहेबांनी नावही दिलंय, सुपर डेन्स क्रश लोड. क्रश म्हणजे चिरडणं. माणूस चिरडला जातोय याचं मोजमाप करून त्याला परिभाषा देणारं हे खातं! आता गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, काही पंधरा डब्यांच्या, पण माणसंही वाढली. करोनाआधी या रेल्वेवर रोज पंचाहत्तर लाख माणसं जात-येत होती. अशा ठिकाणी एक गाडी रद्द केली की तिच्यातली चार-पाच हजार माणसं हवेत विरत नाहीत. ती मागच्या गाडीच्या दारात लटकतात.

२०२३ साली मुंबईच्या लोकलच्या रुळांवर २,५९० माणसं मेली. दिवसाला सात. २०२४ च्या जूनमध्ये हा आकडा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्तींनाही म्हणावं लागलं की माणसांना गुरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते. जवळपास एका वर्षानं, ९ जून २०२५ ला, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकणारी माणसं एकमेकांवर घासून खाली पडली. चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. मग घोषणा झाली, नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवू. बसवा. पण दारात माणूस हौसेनं लटकत नाही. आत पाय ठेवायला जागा नाही आणि मागची गाडी येईल की रद्द होईल याचा भरवसा नाही, म्हणून लटकतो. दार बंद केल्यावर बाहेर राहिलेल्याला घेऊन जाणारी गाडी कुठाय, ते आधी सांगा.

यावर ठरलेलं उत्तर येतं : नवे रूळ टाकायचे तर ब्लॉक घ्यावेच लागतील, तुम्हाला विकास नको का? आम्हाला रूळ हवेत. आमच्याइतके कुणाला हवेत? पण हिशेब पुरा मांडा. मुंबई सेंट्रल ते बोरिवली सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली. सीएसएमटी ते कुर्ला पाचवी-सहावी त्याच साली. पश्चिमेला खार–गोरेगाव टप्प्याचा मोठा ब्लॉक उजाडला २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा अडीच हजारांहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या. गोरेगाव–कांदिवली २०२४ मध्ये. कांदिवली–बोरिवलीसाठी २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा महिनाभराचा ब्लॉक. मंजुरीच्या वेळी जन्मलेलं पोर आता कॉलेजात जायला लागलं. याच काळात, २०१७ साली, १ लाख ८ हजार कोटींच्या अंदाजाच्या बुलेट ट्रेनचा पाया घातला गेला. अहमदाबादला दोन-अडीच तासांत पोचायची घाई कुणाला होती? आणि दिरंगाई त्यांची असताना तिचा दंड अंधेरीच्या फलाटावर उभी असलेली आया का भरते?

आणखी एक हिशेब. याच रूळवाढीसाठी रुळांकाठच्या हजारो झोपड्या उठवल्या. माणसं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला नेऊन टाकली. काम जिथं होतं तिथंच राहिलं, घर लांब गेलं. जे पूर्वी चालत कामावर जायचे त्यांना पास काढावा लागला. म्हणजे गाडी वेगानं जावी म्हणून ज्यांनी घरं सोडली, तेच आज रद्द झालेल्या गाडीची वाट बघत उभे आहेत! ब्लॉकमध्ये रात्रभर घाम गाळणारा गँगमन, हेल्पर, कंत्राटी मजूर हाही आपलाच. २२ जानेवारी २०२४ ला वसईजवळ सिग्नलचं काम करणारे तीन रेल्वे कर्मचारी लोकलखाली आले. त्यामुळं आमची लढाई रुळावरच्या कामगाराशी नाही, मोटरमनशीही नाही. हे ज्याला कळत नाही तो केबिनवर दगड मारतो आणि साहेब वातानुकूलित खोलीत हसत बसतो.

वातानुकूलितवरून आठवलं. एसी लोकल. पहिली धावली २५ डिसेंबर २०१७ ला, बोरिवलीहून. एसीला आमचा विरोध नाही, गरिबाच्या अंगालाही घाम येतो. पण साधी लोकल काढून तिच्या जागी एसी लावली, आणि तिचं भाडं सेकंड क्लासच्या कित्येक पट, तर सेकंड क्लासवाल्यासाठी ती गाडी रद्दच झाली. एका दिवसापुरती झाली नाही, कायमची झाली. हिच्यासाठी भोंगासुद्धा वाजत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरचे लोक यावरून खवळले, रुळांवर उतरले. आठवड्याच्या आत मध्य रेल्वेनं दहा एसी फेऱ्या मागं घेतल्या. लक्षात ठेवा हे. निवेदनानं जे होत नव्हतं ते झालं.

अर्थात रुळावर कोण उतरलं यावरही बरंच ठरतं. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये आपली पोरं रुळांवर उतरली. त्या संध्याकाळी टीव्हीवाल्यांना अचानक सामान्य प्रवाशाचा कळवळा आला. आजारी म्हातारी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, सगळे आठवले. पोरांवर केसेस पडल्या. काही तासांच्या खोळंब्याला गुन्हा म्हणतात आणि तीन दिवसांत ९३० गाड्या बंद करण्याला पायाभूत सुविधा म्हणतात. त्या तीन दिवसांत ज्यांची मजुरी बुडाली त्यांच्या बाजूनं एक तरी केस कुणावर झाली?

अजून एका सापळ्यापासून सावध राहा. गर्दी वाढली की हमखास कुणीतरी कानात येऊन सांगतो, हे सगळं परप्रांतीयांमुळं. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना याच शहरात बडवलं गेलं. त्यानं किती लोकल वाढल्या? विरार लोकलमध्ये बोरिवलीचा माणूस चढला की त्याला दारात अडवतात. मुलुंडचा माणूस सीटसाठी ठाण्यापर्यंत डाऊन करून येतो, की ठाणेकर त्याच्यावर डोळे वटारतो. चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकवायला मिळावं म्हणून दोन मजूर एकमेकांची आई-बहीण काढतात. जागा कमी ठेवायची आणि भुकेल्यांना आपसात झुंजवायचं, ही रीत आपल्याला गावातल्या पाणवठ्यापासून माहीत आहे. तिथं आपण चवदार तळ्यावर गेलो, शेजारच्या तहानलेल्याचा गळा धरला नाही.

गाड्या वाढवता येतच नाहीत, हेही खरं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली, तेव्हा जो नवा पूल इतकी वर्षं होत नव्हता तो लष्करानं काही महिन्यांत उभा केला. महापरिनिर्वाण दिनासाठी ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री मध्य रेल्वे जादा लोकल सोडते. ती काही मेहेरबानी नाही. लाखो माणसं दरवर्षी दादरला येतात, शिस्तीत येतात, आणि त्यांना टाळता येत नाही, म्हणून सोडते. एका रात्रीत जे जमतं ते ब्लॉकच्या दिवशी पहाटेच्या पाळीसाठी का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

एक : जाहीर ब्लॉकच्या दिवशी महापालिका, सरकारी इस्पितळं आणि त्यांचे ठेकेदार यांनी उशिरा आलेल्याचा किंवा न पोचलेल्याचा खाडा लावू नये. कंत्राटी कामगारालाही भरपगारी दिवस.

दोन : ब्लॉकचं वेळापत्रक ठरवताना पहाटेची पहिली पाळी आणि रात्रीची सुटणारी पाळी यांच्या गाड्यांना हात लावायचा नाही. अर्ध्यावर थांबवलेल्या गाडीपुढं त्याच पासावर बस मिळाली पाहिजे. बेस्टचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून पाचाचं दहा झालंय, ते भाडं पुन्हा आमच्याच खिशातून का?

तीन : साधी लोकल काढून एसी लावायची नाही. लावायची तर जादा लावा, किंवा सेकंड क्लासच्या भाड्यात लावा.

चार : धीम्या मार्गावर पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवा, आणि रखडलेल्या मार्गिकांची तारीख लेखी द्या.

मागण्या छापून काही होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथल्या दोस्तांना एक काम सांगतो. पुढचा ब्लॉक जाहीर झाला की वही घेऊन सफाई चौकीवर, नाक्यावर, इस्पितळाच्या मागच्या दाराशी जा. कोण पोचलं नाही, कुणाचा खाडा पडला, किती रुपये कापले, रिक्षा-टॅक्सीला किती गेले, सगळं लिहून घ्या. नाव सांगायला कुणी घाबरत असेल तर नाव लिहू नका, आकडा लिहा. रेल्वेकडे रद्द गाड्यांचा आकडा असतो. बुडालेल्या मजुरीचा आकडा कुणाकडेच नाही, कारण तो कुणी मोजलेलाच नाही. तो आपण मोजायचा. चार स्टेशनांच्या चार वह्या एकत्र आल्या की त्या घेऊन आपण सीएसएमटी आणि चर्चगेटच्या साहेबांच्या टेबलावर जाऊ, पालिकेच्या दारात जाऊ, आणि ज्यांची मजुरी बुडाली त्यांना पुढं घालून जाऊ. तिथं दार उघडलं नाही, तर बदलापूर-कळव्याच्या लोकांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

जय भीम.